तंबू रुंदावला, मेखांचे काय?



घराच्या आशीर्वादविधीत, विवाहप्रसंगी आणि नववर्षाच्या प्रार्थनासभांत पवित्र शास्त्रातील एक वचन आपल्या कानांवर वारंवार पडते. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील चौपन्नाव्या अध्यायाच्या आरंभी परमेश्वर सियोन नगरीला आपल्या तंबूची जागा वाढवण्यास, कनाती पसरण्यास आणि हात आखडता न घेण्यास सांगतो, कारण तिची संतती उजवीकडे व डावीकडे पसरणार आहे आणि ओस पडलेली नगरे पुन्हा वसणार आहेत (यशया ५४:२-३). वाढीचे हे अभिवचन ऐकून कोणाला आनंद होत नाही? नवीन घर घेणाऱ्यास ते आपल्या घरासाठी वाटते, नवा व्यवसाय सुरू करणाऱ्यास व्यवसायासाठी, तर नवीन चर्च उभारणाऱ्या धर्मग्रामास आपल्या धर्मग्रामासाठी.

परंतु त्याच ओळींत आणखी एक आज्ञा आहे आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. दोऱ्या लांब करावयाच्या आहेत आणि मेखा मजबूत करावयाच्या आहेत. वाढीचे अभिवचन देणारा परमेश्वर त्याच श्वासात ती वाढ तोलून धरण्याची जबाबदारीही सोपवतो. गेल्या काही वर्षांत आपल्या वसई-विरार परिसरातून ज्या बातम्या येत आहेत, त्या वाचताना ह्या दुसऱ्या आज्ञेचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

वचन कोणाला दिले होते?

कोणतेही वचन त्याच्या संदर्भातून उचलून स्वतःच्या भिंतीवर टांगणे सोपे असते. म्हणून आधी संदर्भ पाहू. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचा पाडाव केला, मंदिर जाळले आणि तेथील लोकांना बंदिवासात नेले. यशयाच्या पुस्तकातील चाळीस ते पंचावन्न हे अध्याय त्या बंदिवासाच्या अखेरच्या काळातील आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ओस पडलेली नगरी येथे वांझ आणि टाकलेल्या स्त्रीच्या रूपात उभी आहे. मूळ हिब्रू भाषेत तंबू वाढवण्याच्या ह्या आज्ञा स्त्रीलिंगी रूपात आहेत. म्हणजे हे अभिवचन सामर्थ्यवान राजाला, यशस्वी व्यापाऱ्याला किंवा विजयी सेनापतीला दिलेले नाही. जिच्यापाशी काहीच उरले नाही, शेजारीपाजारी जिची कीव करतात, अशा एका स्त्रीला ते दिलेले आहे.

आता तंबूची रचना ध्यानात घेऊ. त्या काळचे तंबू बकरीच्या केसांच्या जाड कापडाचे असत. कुटुंब वाढले की कापडाच्या नव्या पट्ट्या विणून जुन्या तंबूला जोडल्या जात. परंतु तंबू जितका रुंद, तितका वारा अधिक धरतो. लहान तंबूला पुरणाऱ्या मेखा मोठ्या तंबूला पुरत नाहीत. कनाती वाढवून मेखा जुन्याच ठेवल्या, तर पहिल्याच वादळात छत उडून जाते आणि त्याखाली जितकी माणसे अधिक, तितका अनर्थही अधिक. यशयाचे श्रोते मेंढपाळांचे वंशज होते. त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्या मेखा कोणत्या, हेही हाच अध्याय पुढे सांगतो. ही नगरी नीतिमत्त्वाच्या पायावर स्थिर होईल आणि जुलूम तिच्यापासून दूर राहील, असे चौदाव्या ओवीत म्हटले आहे. तंबूची मेख म्हणजे न्याय. ज्या वाढीला न्यायाची मेख नाही, ती यशयाच्या अभिवचनातील वाढ नाही.

एका वचनाचा प्रवास

ह्या वचनाचा आपल्या मराठी भाषेशी एक विलक्षण संबंध आहे. १७९२ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे विल्यम कॅरी नावाच्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने ह्याच दोन ओव्यांवर प्रवचन केले. एके काळी जोडे शिवून पोट भरणारा हा मनुष्य होता. तंबू वाढवण्याची आज्ञा म्हणजे आपले सुख वाढवण्याची परवानगी, असा अर्थ त्याने घेतला नाही. आपल्यावर काही करण्याचे कर्तव्य आले आहे, असा अर्थ घेतला आणि पुढच्याच वर्षी तो बंगालमध्ये आला. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली त्याचे मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर मराठी नव्या कराराचे मुद्रणही तेथे झाले. पंथ वेगळा असला, तरी वचनाचा अर्थ जबाबदारी म्हणून लावणाऱ्या ह्या माणसाचे ऋण मराठी ख्रिस्ती वाचकाने मान्य केले पाहिजे.

ह्याउलट आज अनेक प्रार्थनामेळाव्यांत आणि दूरचित्रवाणीवरील प्रवचनांत हे वचन भरभराटीची हमी म्हणून सांगितले जाते. दान द्या, विश्वास धरा आणि तुमची सीमा वाढेल, असा हिशेब मांडला जातो. असा हिशेब बंदिवासातील त्या दुःखी नगरीसमोर मांडून पाहावा. तो तेथे टिकत नाही.

वसईचा तंबू

आता आपल्या भूमीकडे वळू. चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. त्यानंतर देशात जनगणना झालेली नसल्यामुळे आजचा अधिकृत आकडा हाती नाही, परंतु रेल्वेच्या फलाटावर सकाळी उभे राहिलेल्या कोणालाही वाढीचा पुरावा मागावा लागत नाही. १९९० मध्ये ह्या उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपवण्यात आले. त्या काळात हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी वसईकर रस्त्यावर उतरले. हरित वसई संरक्षण समितीच्या त्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो अग्रभागी होते. २५ जुलै २०२४ रोजी ते परमेश्वराघरी गेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळी विचारलेला प्रश्न आजही तसाच उभा आहे: माणसे येतील, घरे होतील, पण पाणी, गटारे, रस्ते, रुग्णालये आणि मोकळी जमीन ह्यांचे काय?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर नालासोपारा पूर्व येथे मिळाले. तेथील अग्रवाल नगरी परिसरात ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्या पाडण्याचे काम फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण झाले आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. ज्या जमिनीवर ह्या इमारती होत्या, त्या जमिनीचा मोठा भाग विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी ह्यांसाठी राखून ठेवलेला होता. वाचकहो, ह्याहून स्पष्ट दृष्टांत कोणता? शहर वाढणार हे ओळखून त्याच्या मैल्याची आणि कचऱ्याची सोय करण्यासाठी जी जागा ठेवली होती, तीच जागा वाढीने गिळून टाकली. मेख ठोकण्याच्या जागेवरच कनात पसरली.

त्या इमारतींतील रहिवासी कोण होते? बहुतेक कष्टकरी. मुंबईत घर परवडत नाही म्हणून त्यांनी आयुष्याची पुंजी येथे घातली. घरे विकताना दाखवलेली परवानगीची कागदपत्रे बनावट असल्याचे तपासात पुढे आले. घरे बांधली जात असताना, त्यांना वीज मिळत असताना आणि तेथील मतदारांची नावे यादीत नोंदवली जात असताना ज्यांनी पाहिले नाही, त्यांनी ती पाडण्याच्या दिवशी मात्र कायदा पाहिला. न्यायालयाचा आदेश योग्यच होता. तरीही गुन्हा करणाऱ्याचे घर शाबूत राहिले आणि फसवले गेलेल्याचे घर गेले, ही गोष्ट कोणत्याही ख्रिस्ती मनाला स्वस्थ बसू देणार नाही.

दुसरे उत्तर ह्याहून दारुण होते. २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरार पूर्वेच्या विजयनगर भागातील रमाबाई अपार्टमेंट ह्या चार मजली इमारतीचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. १७ जणांचा मृत्यू झाला. त्या रात्री तेथे एका लहान मुलीचा पहिला वाढदिवस साजरा होत होता. ही इमारतही बेकायदा होती.

कठड्याची आज्ञा

अनुवादाच्या पुस्तकात एक छोटीशी आज्ञा आहे. प्रवचनात ती क्वचितच येते. नवीन घर बांधणाऱ्याने छपराला कठडा बांधावा, म्हणजे वरून कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही, असे ती सांगते (अनुवाद २२:८). त्या काळी घराच्या धाब्यावर लोक झोपत, धान्य वाळवत, पाहुण्यांशी गप्पा मारीत. कठडा नसणे म्हणजे पाहुण्याच्या जिवाशी खेळ. इस्राएलला जमीन देण्याचे अभिवचन परमेश्वराने दिले होते. ती मिळाल्यावर घर कसे बांधावे, हेही त्याने सांगितले. आजच्या भाषेत ह्याला बांधकाम नियमावली म्हणतात. तिचे उल्लंघन केवळ दंडाचा विषय नाही. पवित्र शास्त्राच्या दृष्टीने तो रक्ताचा दोष आहे आणि तो घर बांधणाऱ्याच्या माथ्यावर येतो.

ह्या आज्ञेच्या प्रकाशात आपल्यालाही काही प्रश्न विचारावे लागतील. अनधिकृत बांधकाम करणारे सर्वच परके होते काय? आपल्या गावांतही जुन्या घरावर परवानगीशिवाय मजले चढले. भाड्याच्या खोल्यांसाठी वाडीत पत्र्याच्या चाळी उभ्या राहिल्या. त्यांना संडास किती, पाण्याची सोय काय, आग लागली तर बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, ह्याचा विचार भाडे घेताना झाला नाही. त्याच हातांनी आपण रविवारी दानपात्रात दान टाकतो. परमेश्वर ते दान कोणत्या नजरेने पाहात असेल, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाला विचारावे.

पाण्याची साक्ष

वाढ आणि जबाबदारी ह्यांचा हिशेब पाणी चोख ठेवते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले. रेल्वे ठप्प झाली, वीज गेली, मिठागरांच्या वस्तीतील माणसे पाण्याने वेढली गेली आणि त्यांना बोटींतून मदत पोहोचवावी लागली. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई ह्या संस्थांच्या तज्ज्ञांकडून पुराच्या कारणांचा अभ्यास करवून घेतला. परंतु त्यातील मूळ गोष्ट आपल्या आजोबांनाही ठाऊक होती: पावसाच्या पाण्याला जागा हवी.

आपल्या पूर्वजांनी ती जागा ठेवली होती. वसईच्या वाड्यांतील बावखल म्हणजे केवळ तळे नव्हे. पावसाळ्यात ते आजूबाजूचे पाणी पोटात घेई, उन्हाळ्यात केळी, पानवेल आणि फुलझाडे जगवी आणि भोवतालच्या विहिरींना गोडे पाणी टिकवून धरी. समुद्राला लागून असलेल्या आपल्या पट्ट्यात जमिनीखालचे गोडे पाणी कमी झाले की खारे पाणी आत शिरते. म्हणून बावखल ही आपल्या गावाची मेख होती. आज अनेक बावखले मातीने भरून त्यांवर घरे उभी आहेत. ती रात्रीतून परक्यांनी भरली नाहीत. कित्येक ठिकाणी मालकानेच ती भरू दिली, कारण बावखलाला भाडे येत नाही.

आता सूर्या नदीचे पाणी आपल्या नळांत येत आहे. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेची क्षमता रोज ४०३ दशलक्ष लिटर असून त्यांपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी आहे. त्याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. परंतु हे पाणी आपल्याच पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागातून येते आणि त्याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन मैलोन्‌मैल चालतात, हेही आपल्याला ठाऊक असले पाहिजे. आपला तंबू वाढला आणि त्याची दोरी डोंगरापर्यंत पोहोचली. दोरीच्या त्या टोकाला असलेल्या माणसांचे आपण काही देणे लागतो की नाही?

घराला घर, शेताला शेत

तंबू वाढवण्याचे अभिवचन ज्या पुस्तकात आहे, त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात एक भयंकर धिक्कारही आहे. घराला घर आणि शेताला शेत जोडत जाऊन दुसऱ्या कोणाला जागाच न ठेवणाऱ्यांना तेथे इशारा दिला आहे की त्यांची मोठमोठी, सुंदर घरे ओस पडतील (यशया ५:८-९). त्याच्या आधीच्या ओवीत मूळ हिब्रूमध्ये एक शब्दखेळ आहे. परमेश्वराने न्यायाची अपेक्षा केली, तेथे त्याला रक्तपात दिसला. नीतिमत्त्वाची अपेक्षा केली, तेथे आक्रोश ऐकू आला. हिब्रूमध्ये न्याय व रक्तपात, तसेच नीतिमत्त्व व आक्रोश हे शब्द कानांना जवळजवळ सारखेच वाटतात. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच भासतात. उंच इमारतींची रांग दुरून प्रगतीच दिसते. जवळ गेल्यावर कोणता शब्द ऐकू येतो, त्यावर सारे अवलंबून आहे.

म्हणजे एकाच ग्रंथात वाढीचा आशीर्वाद आहे आणि वाढीचा शापही. फरक कोठे आहे? पाचव्या अध्यायातील माणूस वाढतो तेव्हा इतरांची जागा संपते. चौपन्नाव्या अध्यायातील तंबू वाढतो तो इतरांना जागा देण्यासाठी. हीच कसोटी आपल्या प्रत्येक योजनेला लावावी.

लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर सांगतो की जमीन माझी आहे आणि तुम्ही तिच्यावरील पाहुणे आहात. त्यावरूनच ज्युबिली वर्षाची कल्पना निघाली. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी रोम येथे पवित्र द्वार उघडून ज्युबिली वर्षाचा आरंभ केला. ते मध्येच, २१ एप्रिल २०२५ रोजी, निवर्तले आणि ६ जानेवारी २०२६ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी ते द्वार बंद केले. त्या वर्षी आपण यात्रा केल्या आणि पापमुक्तीची कृपा मागितली. परंतु ज्युबिलीच्या मुळाशी असलेला जमिनीचा प्रश्न आपल्या किती धर्मग्रामांत चर्चिला गेला? २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस ह्यांनी स्पष्ट केले होते की उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील पृथ्वीवर सत्ता चालवण्याची आज्ञा ही दुसऱ्या अध्यायातील बागेची मशागत व राखण करण्याच्या आज्ञेशी जोडूनच वाचली पाहिजे. फलद्रूप होण्याचा आशीर्वाद आणि राखण करण्याचे काम ह्यांची ताटातूट करता येत नाही.

आलेल्यांना जागा

येथे एका नाजूक विषयाला स्पर्श करणे भाग आहे. वाढीविरुद्ध बोलताना आपल्या बोलण्यात ‘बाहेरून आलेले’ हा शब्द फार लवकर येतो. हिरव्या वसईवरील प्रेम आणि नव्याने आलेल्या माणसांविषयीची अढी ह्यांची सरमिसळ होते. ही सरमिसळ आपण थांबवली पाहिजे. बेकायदा इमारतीत राहणारा कष्टकरी हा वसईच्या विध्वंसाचा कर्ता नाही. तो बहुधा त्याचा पहिला बळी आहे.

आरंभीच्या ख्रिस्तसभेलाही वाढीने असेच अडचणीत आणले होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात शिष्यांची संख्या वाढल्याची आनंदाची वार्ता आहे आणि त्याच वाक्यात कुरकुरीचीही वार्ता आहे. ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या अन्नवाटपात त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. भाषा वेगळी, रीत वेगळी आणि पंगतीत मागची जागा. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. सर्व शिष्यांना बोलावले आणि वाटपाची जबाबदारी सात जणांवर सोपवली. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली होती, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती वाटप दिले गेले. त्यानंतर वचनाचा प्रसार होत गेला आणि शिष्यांची संख्या आणखी वाढली, असे तेथे नमूद आहे. आधी न्याय, मग वाढ.

रेल्वेमार्गालगतच्या आपल्या धर्मग्रामांत आज अनेक भाषांचे श्रद्धावंत आहेत. त्यांच्यासाठी वेगळ्या भाषेत मिस्सा होते, हे चांगलेच आहे. परंतु पालकीय मंडळात त्यांच्यापैकी किती जण आहेत? भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब वर्षभरात घर बदलते, तेव्हा त्याची विचारपूस कोण करतो? त्यांच्या घरावर हातोडा पडतो, तेव्हा धर्मग्रामाचे सभागृह त्यांच्यासाठी उघडते काय? आपल्याही कित्येक घरांतील मुले आज आखातात, कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात भाड्याच्या घरांत राहतात. तेथील धर्मग्रामाने त्यांना जसे वागवावे असे आपल्याला वाटते, तसे आपण येथे वागतो काय?

येऊ घातलेली वाढ

वाढ थांबलेली नाही. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. त्याचा खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे विरार आणि बोईसर येथे थांबे आहेत. विरार-अलिबाग मार्गिका नियोजनात आहे. बंदर म्हणजे रोजगार, हे खरे आहे. बंदर म्हणजे समुद्रात घातलेला भराव आणि मच्छीमारांच्या हातून जाणारी मासेमारीची जागा, हेही तितकेच खरे आहे. किनाऱ्यावरील मच्छीमार वर्षानुवर्षे विरोध करीत आहेत. विकासाचे विरोधक म्हणून त्यांची वासलात लावण्याआधी, ह्या तंबूत त्यांची जागा कोठे आहे, ह्याचे उत्तर त्यांना मिळाले पाहिजे.

जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुढील जनगणनेची अधिसूचना काढली. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतिथी आहे. सोळा वर्षांनंतर आपल्याला आपली खरी संख्या कळेल. पवित्र शास्त्रात दोन प्रकारच्या गणना आढळतात. रानात मोशेने परमेश्वराच्या आज्ञेने लोकांची मोजणी केली आणि कुळाकुळाची जबाबदारी ठरवली. दावीद राजाने तलवार धरणाऱ्यांची मोजणी केली आणि त्याचे मन त्याला खाऊ लागले (२ शमुवेल २४). आकडा हाती आल्यावर तो कशासाठी वापरावयाचा, ह्यात सारा भेद आहे. कोणता समाज किती वाढला आणि कोणाची मते किती, ह्याच हिशेबात आपण गुंतलो, तर ती दावीदाची गणना होईल. किती मुलांना शाळा हवी, किती घरांना पाणी हवे, किती वृद्ध एकटे आहेत, हे त्या आकड्यांतून शोधले, तर ती मोशेची गणना होईल.

आपण काय करू शकतो?

येथे काही व्यवहार्य सूचना मांडाव्याशा वाटतात.

पहिली, घर घेताना. १७ डिसेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की भोगवटा प्रमाणपत्राशिवाय इमारतीचा ताबा दिला जाऊ नये आणि बँकांनीही ते पाहूनच कर्ज द्यावे. घर घेणाऱ्या प्रत्येकाने जमिनीचा सातबारा, बांधकाम परवानगी आणि महारेराची नोंदणी केवळ दलालाने दाखवलेल्या प्रतीवरून न पाहता त्या-त्या कार्यालयात वा संकेतस्थळावर पडताळून पाहावी. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात वकील, अभियंते आणि निवृत्त शासकीय अधिकारी आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार मिस्सेनंतर दोन तास बसून, धर्म न विचारता, कोणाचीही कागदपत्रे पाहून दिली, तर कित्येक कुटुंबे फसवणुकीतून वाचतील.

दुसरी, आपल्या मालमत्तेबाबत. भाड्याने खोल्या देणाऱ्याने स्वतःचा कठडा तपासावा: संडास, पाणी, विजेची जोडणी, बाहेर पडण्याची वाट. उरलेल्या बावखलांची प्रत्येक धर्मग्रामाने नोंद करावी. चर्चच्या आवारातील आणि संस्थांच्या जमिनीवरील बावखले व विहिरी आधी राखाव्यात. आपण राखल्या, तरच इतरांना सांगण्याचा अधिकार आपल्याला राहील.

तिसरी, नागरिक म्हणून. २०२० पासून पुढे काही वर्षे महापालिकेचा कारभार लोकनियुक्त प्रतिनिधींविना प्रशासकाच्या हाती होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. २०२१ पर्यंतच्या काळासाठी केलेल्या विकास आराखड्याची मुदत उलटून गेली आहे. नव्या आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना घेणे कायद्याने बंधनकारक असते. त्या वेळी आपल्या प्रभागातील शाळा, दवाखाना, सांडपाणी केंद्र आणि मैदान ह्यांची आरक्षणे कोठे आहेत, हे नकाशावर पाहून लेखी मत देणे हे आपले कर्तव्य आहे. मोर्चाला हजारो येतात. लेखी हरकत देणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके असतात. मेखा मात्र अशा निमूट कामानेच ठोकल्या जातात.

बंदिवासातून परतलेल्या लोकांनी यरुशलेम पुन्हा वसवले. अभिवचन पूर्ण होत होते. तरीही नहेम्याच्या पाचव्या अध्यायात आपण वाचतो की तट बांधला जात असतानाच गरिबांचा आक्रोश उठला. दुष्काळात धान्यासाठी त्यांनी शेते, मळे आणि घरे गहाण टाकली होती आणि ती घेणारे त्यांचेच बांधव होते. नहेम्याने तटाचे काम महत्त्वाचे म्हणून त्या आक्रोशाकडे कानाडोळा केला नाही. त्याने सभा भरवली, धनिकांना जाब विचारला आणि गहाण जमिनी परत करण्याची शपथ त्यांच्याकडून घेतली. त्यानंतरच तट पूर्ण झाल्याची वार्ता येते.

आपल्या भूमीलाही परमेश्वराने वाढ दिली आहे. ती नाकारण्याचे कारण नाही, कारण आलेला प्रत्येक जीव त्याच्याच प्रतिमेचा आहे. परंतु त्या वाढीच्या तंबूखाली आज लक्षावधी माणसे झोपतात. त्यांच्या डोक्यावरील छत रात्री वाऱ्याने उडू नये, एवढी काळजी घेणे हे आपले काम आहे. परमेश्वर आपल्याला ते करण्याची बुद्धी आणि बळ देवो.